तळापासून दोन बोटं वर

"अगं ए! चांगल्या डब्याला भोक पाडतेस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"तात्या, तुम्ही मध्ये बोलू नका."

"मध्ये? डबा माझा, अंगण माझं, ड्रिल माझं, आणि मीच मध्ये?"

"ड्रिल माझं आहे. तुमचं मागच्या हिवाळ्यात जळलं."

"जळलं नाही, विश्रांती घेतंय ते!"

आणि घर्रर्र. ड्रिल माझ्या अंगातून आरपार गेलं.

मित्रांनो, मी तोच डबा. मी एक जुना, पांढरा, प्लास्टिकचा डबा आहे. झाकण कधीच हरवलंय, कडी गंजलीय. ड्रिल चालवत होती ती डुन्या, या घरातली मुलगी. मुलगी म्हणजे चाळिशी ओलांडलेली बाई, लाकूड कापायच्या गिरणीत पाळीवर जाते. ओरडत होता तो तिचा बाप, कुझ्मा पेरेपेल्किन. पडक्या कुंपणातले वाकडे खिळेसुद्धा ठोकून सरळ करून ठेवणारा माणूस. त्याच्यासमोर धडधाकट डब्याला भोक पाडायचं म्हणजे गाईला गोळी घालण्यासारखंच होतं. आजोबा-पणजोबांच्या काळी दूर देशातून येऊन या थंड खोऱ्यात वसलेल्या या पंथाच्या लोकांत तर गाय काय, कोंबडीसुद्धा कुणी मारत नाही.

भोक कुठे पाडलं, ते नीट ऐका. तळाला नाही. तळापासून दोन बोटं वर, बाजूला. सगळी गोष्ट त्या दोन बोटांची आहे.

मी कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो, मग एका हॉटेलात लोणच्याच्या काकड्या सांभाळल्या. तिथून मला कुझ्मानं उचललं. मागच्या दारी टाकून दिलेला डबा बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. घरी आणून बायकोसमोर ठेवला. बायको म्हणजे लुशा. तिनं मला उकळत्या पाण्यानं घासलं, उन्हात पालथं घातलं, आणि त्या शरद ऋतूपासून माझ्यात कोबी आंबवायला सुरुवात केली. बारीक चिरलेला कोबी, मीठ, शेपूचं बी, वर दगड. दर वर्षी. शेजारणी यायच्या, बोट बुडवून चाखायच्या, आणि लुशा मला थोपटून म्हणायची, "गुणी आहे माझा डबा. यातला कोबी कधी नासत नाही."

तेवढंच कौतुक मिळालं मला आयुष्यात. पुष्कळ होतं.

मग लुशाच्या हाडांत दुखणं शिरलं. कोबी चिरायला बसवेना. मी जिन्याखाली गेलो आणि कुझ्मानं माझ्यात सरळ केलेले खिळे भरले. कोबीच्या जागी खिळे! मला इतका राग आला होता म्हणून सांगू. पण डब्याच्या रागाला कोण विचारतं?

लुशाला हॉस्पिटलच्या गोळ्या सोसत नव्हत्या. घेतल्या की झोपायची, उठली की डुन्यालाच विचारायची, "तू कोण ग?" मग खोऱ्याच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या रोझ नावाच्या म्हातारीनं एक बाटली दिली. गांजाच्या फुलांचं तेल. तसलं तेल दुकानातही मिळतं, पण दुकानातल्यानं लुशाच्या पोटात ढवळायचं, सगळं उलटून पडायचं. रोझचं झाड जुनं, तिच्या तरुणपणापासून फांदी लावून लावून टिकवलेलं. ते सोसलं. दोन थेंब जिभेखाली, आणि लुशा टेबलाशी येऊन बसली. वाडगाभर बोर्श्च, म्हणजे कोबी-बटाट्याचं सूप, प्यायली. रविवारी प्रार्थनेला गेली आणि सगळ्यांबरोबर गायली. इथे पेटी नाही, तबला नाही, नुसत्या गळ्यांवर गातात. लुशाचा खालचा सूर लागला आणि कुझ्मा म्हणे प्रार्थना सोडून तिच्याकडेच बघत बसला.

बर्फ वितळायच्या सुमाराला रोझ गेली. तिचं घर ज्यांनी घेतलं त्यांनी मागची बाग नांगरून काढली. त्याआधी रोझनं डुन्याला चार फांद्या दिल्या होत्या. त्या चारच उरल्या जगात. म्हणून डुन्यानं जिन्याखालून मला ओढलं, खिळे ओतले, माझ्यासारखे आणखी तीन गोळा केले आणि ड्रिल लावलं.

आता कामाचं सांगतो. माझ्यात माती नाही घातली. पर्लाइट घातलं. ज्वालामुखीची काच भट्टीत फुलवून करतात ते. दिसतं डिट्टो ज्वारीच्या लाह्यांसारखं, पांढरं आणि हलकं. त्यात फांदी खोचायची आणि वरून खत मिसळलेलं पाणी घालायचं. पाणी खाली उतरतं, भोकापर्यंत साठतं, जास्तीचं भोकातून टपकून जातं. टपकायला लागलं की थांबायचं. झालं. भोकाच्या खाली पाणी, भोकाच्या वर हवा. मुळं खाली येऊन पितात आणि वर श्वास घेतात. पंप नाही, घरघर नाही, वर फक्त आपोआप लागणारे-विझणारे दिवे. डुन्याच्या पाळ्या उलटसुलट असायच्या, तिला रोज बघायला जमायचं नाही. म्हणून आम्ही.

म्हाताऱ्याला वाटलं, भोक पाडलं, डबा वाया गेला. अरे, ते भोक म्हणजे माझं नाक होतं!

पण हे त्याला कोण सांगणार? आम्हाला तळघरात नेताना त्यानं रोपं बघितली.

"हे काय आहे?"

"औषध," डुन्या म्हणाली.

"औषधाच्या पानाला पाच बोटं असतात?"

"सात आहेत, मोज की नीट," खुर्चीतून लुशा म्हणाली. "चष्मा लाव, म्हाताऱ्या."

"या घरात चार पिढ्या कुणी विडी ओढली नाही. धूर नाही, दारू नाही, मांस नाही. आता तू माझ्या तळघरात—"

"धूर कोण काढतंय? तेल करायचंय. आणि तुझी आजी काय अंगात घालायची रे? याच झाडाच्या धाग्याचा सदरा विणायची ती."

"ते वेगळं होतं."

"झाड तेच. तूच वेगळा झालास."

इथल्या कायद्यानं घरात चार झाडं लावता येतात, डॉक्टरही नाही म्हणाला नव्हता, हे सगळं डुन्यानं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "कायदा कायद्याच्या घरी. मी त्या तळघरात पाय ठेवणार नाही." डुन्या म्हणाली, "नका ठेवू. बोलावलंय कुणी?"

संपलं. त्या दिवसापासून दोघं हवेबद्दल बोलायची, सरपणाबद्दल बोलायची, आमच्याबद्दल नाही. भोक कशाला, हे तिनं सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही. सगळा उन्हाळा एका घरात, एका टेबलावर, एका भांड्यातलं खाऊन!

आम्ही मात्र वाढवली झाडं. खोटं कशाला बोलू, मस्त वाढवली. पावसाळी पोपटी असतो ना, तसला रंग. मुळांनी माझा तळ शोधला, माझ्या भिंतीला लगडली, पांढरीशुभ्र, लुशाच्या वेणीसारखी. शेवटी फुलं धरली. चिकट, जड, संत्र्याच्या साली आणि पाइनचा डिंक एकत्र कुटावा तसा वास. कुझ्मा वरून दाराच्या फटीला गोधडी लावायचा. मग थोड्या वेळानं तोच गोधडी बाजूला करून हुंगायचा. मला ऐकू यायचं ना!

वरती तेल संपत आल्यानं लुशाची बाटली तिरकी ठेवायची वेळ आली होती. डुन्या खाली येऊन फुलं बघायची, बोटानं हळूच दाबायची आणि म्हणायची, "थोडंच राहिलं. आटपा रे." नव्या फांद्या काढून आणखी रोपं करायची तिच्या मनात होतं. पाळ्या आणि आईचं आजारपण, त्यात राहून गेलं.

तेवढ्यात केलोना शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात लुशाला बोलावलं. हाडांवर किरण सोडून दुखणं कमी होतं का बघायचं होतं. डुन्यानं आम्हाला टपकेपर्यंत पाणी दिलं, आईला गाडीत घातलं आणि गेली. चार दिवसांत येणार होत्या. तेवढं पाणी आमच्या पोटात होतं.

लुशाला तिथे ताप आला. ठेवून घेतलं.

एक दिवस फोन वाजला. मला खालून फक्त म्हाताऱ्याचा आवाज आला.

"हं. ताप किती?... खाते का काही?... हं. कोंबड्या बऱ्या आहेत... काय? तळघराचं काय?"

मी कान टवकारले. म्हटलं, बोल डुन्या. बोल ग बाई, एकदाच बोल.

"...काही नाही तर नाही. ठेवतो."

बास. जिभेच्या टोकावर आलेलं गिळलं तिनं. आमचं नाव काढलं की भांडण होणार, म्हणून. आईच्या उशाशी बसून भांडायचं कसं, म्हणून. बरोबरच होतं तिचं. आणि त्यातच सगळं मेलं.

माझ्या पोटातलं पाणी संपलं. झाडांनी माना टाकल्या.

आणि मित्रांनो, मग म्हातारा आला. गोधडी सरकली, दार उघडलं, आणि सगळा उन्हाळा न आलेला कुझ्मा पेरेपेल्किन जिना उतरून खाली आला. दाढीत पावाचा चुरा. आमच्यासमोर उभा राहिला. टोपी काढली.

"अरे," तो म्हणाला, "तहानलात होय?"

तो वाकला, माझ्याभोवती फिरला. माझ्या भोकाखाली जमिनीवर डाग होता, टपकून वाळलेल्या खताच्या पाण्याचा, पांढरा. चारही डब्यांखाली तसेच डाग. त्यानं डागावर बोट घासलं, भोकात बोट घातलं आणि मान हलवली.

"गळतात. सगळे गळतात. मी म्हणालो नव्हतो?"

मग तो पायरीवर बसला. त्याचे ओठ हलत होते. शेवटी म्हणाला, "लुशासाठी आहात ना रे तुम्ही? मग माझं चुकलं."

मला वाटलं, चला, आता पाणी घालेल आणि जाईल. पण हा माणूस गळकी वस्तू बघून जाणारा नव्हता. तो वर गेला आणि चाकू घेऊन आला. बर्चचं लाकूड आणलं, चमचे कोरायला वर्षानुवर्षं सुकवून ठेवलेलं. त्यातलं सगळ्यात चांगलं. पायरीवर बसून त्यानं चार खुंट्या कोरल्या. एक टोक निमुळतं, एक जाड. भोकात लावून बघायचा, काढायचा, केसभर तासायचा, परत लावायचा. काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केल्या. कोरताना गात होता. लुशाचा खालचा सूर सोडून द्यायचा, तेवढी जागा रिकामी ठेवायचा, आणि पुढचं म्हणायचा.

मग लाकडी हातोडीनं ठोकलं. टक, टक. लाकूड पाण्यानं फुगतं आणि घट्ट बसतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. असलं बूच आयुष्यात निघत नाही.

माझं तोंड केवढं मोठं आहे, बघा. पूर्ण उघडं. आवाज नाही. मी ओरडत होतो मित्रांनो, नको, म्हाताऱ्या, नाक आहे ते माझं. काय उपयोग?

झऱ्याचं गार पाणी आणून त्यानं काठापर्यंत भरलं. एक थेंब जमिनीवर नाही. लाह्या वर तरंगायला लागल्या. तो खूश होऊन जमिनीवर हात फिरवत म्हणाला, "बघ. कोरडी."

दुसऱ्या दिवशी झाडं उभी राहिली! तहानलेली होती, राहणारच. म्हातारा नाचायचा बाकी होता. या लोकांत एकमेकांना भेटलं की वाकतात, समोरच्या माणसात देव असतो म्हणून. तो आम्हाला वाकला. चार डब्यांना. "फोन नाही करायचा," तो झाडांना म्हणाला. "येऊ देत. येऊन बघू देत. डुन्या काय तोंड करेल!"

मग पानं परत लोंबली.

तहानेनं पान लोंबतं, आणि बुडल्यानंही अगदी तसंच लोंबतं. वरून बघणाऱ्याला काय कळणार? त्यानं आणखी पाणी घातलं. आत माझ्या भिंतीला धरलेली मुळं हवेसाठी तडफडत होती. पांढरी होती ती तपकिरी झाली, मग बुळबुळीत झाली, मग सुटली. लुशाची वेणी म्हणालो ना मी? ती सुटली. पानं पिवळी पडली. फुलांना काळी बुरशी आली. आणि एक वास सुटला, नासलेल्या कोबीचा. ज्या डब्यात कधी कोबी नासला नाही, त्या डब्यात.

तो वास कुझ्मालाही ओळखता आला. तो हुंगून मागे सरला आणि पायरीवर बसला. त्या दिवशी गायला नाही.

गाडी आली. डुन्या आधी आईला खुर्चीत बसवून आली, मग धडधडत जिना उतरली. जिन्यावरचा दिवा लावला. बघत राहिली.

"भोकं कुठायत?"

"बुजवली," म्हातारा म्हणाला.

"बुजवली?"

"गळत होते ग. सगळे गळत होते."

"गळायलाच पाहिजे होतं, तात्या! त्यासाठीच पाडली होती!"

"मग सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारायचं होतं!"

"फोनवर मी विचारलं, तळघराचं काय. तू म्हणालीस, काही नाही."

डुन्यानं माझ्या खुंटीला हात घातला. ओढली, पिरगाळली, पक्कड लावली. हलेना. तिनं मला लाथ मारली. बरोबर केलं. तिच्या जागी मी असतो तर मीही मारली असती.

तेव्हा कुझ्मा गुडघ्यांवर आला आणि त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं. "क्षमा कर, मुली." या लोकांची रीत आहे, असा कुणी वाकला की समोरच्यानंही वाकायचं. म्हणायचं, देव क्षमा करो. कितीही राग असो. वैऱ्यालाही वाकतात.

डुन्या वाकली नाही. त्याच्या बाजूनं जिना चढून वर गेली. तो तसाच राहिला, ओल्या जमिनीवर कपाळ टेकून. भिंतीवर त्याची सावलीसुद्धा नीट पडत नव्हती.

वरून लुशाचा आवाज आला. "काय झालं रे?" मग वास वरपर्यंत गेला असणार. "अच्छा," ती म्हणाली. मग म्हणाली, "कुझ्मा, तो डबा वर आण बघू. माझा."

त्यानं मला वर नेलं. चार जणांतून मला बरोबर ओळखलं. लुशा खुर्चीत होती. पूर्वीच्या लुशाच्या निम्मी. तिनं हात लांब करून खुंटीवरून बोट फिरवलं.

"किती गुळगुळीत केलीस रे. माझ्या चमच्यांना कधी एवढी मेहनत नाही घेतलीस."

"लुशा..."

"गप. चहा टाक."

ती बाटली त्याच आठवड्यात संपली. डुन्यानं दुकानातलं तेल परत आणून बघितलं, परत तेच झालं, सगळं उलटलं. किरणांचा गुण आला नाही. आता लुशा टेबलाशी येत नाही. बोर्श्चचा वाडगा आत जातो आणि वर साय धरून तसाच परत येतो. दुखणं आलं की ती गायला लागते, खालच्या सुरात, आणि मध्येच सूर तुटतो. बाहेरच्या खोलीत म्हातारा हातातलं काम थांबवून वाट बघतो, तो सूर परत लागेल म्हणून. लागत नाही. मग गोळी. मग ती विचारते, "तू कोण ग?"

झाडं खताच्या खड्ड्यात गेली. आम्ही चौघं कचऱ्याच्या गाडीवर चढलोय, म्हणजे डुन्याच्या ट्रकच्या पाठीवर. आज सकाळी कुझ्मा चाकू घेऊन आला आणि माझी खुंटी कोरून काढायला लागला.

"आता कशाला?" डुन्या म्हणाली.

"काढून देतो. तुझं भोक तुला परत."

"त्यात लावायला काय आहे, तात्या? काय लावू मी त्यात?"

तो आणखी थोडा कोरत राहिला, मग चाकू मिटला. खुंटी निघाली नाही. गंमत बघा, मी आता पाण्याला एकदम पक्का आहे. माझ्यात परत कोबी घालता येईल. पण चिरणार कोण, आणि खाणार कोण?

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी डब्यानं काहीतरी शिकवायचं असतं, म्हणून सांगतो. घरातल्या माणसानं कुठे भोक पाडलेलं दिसलं तर बुजवायच्या आधी विचारा. आणि पाडलं तुम्ही असेल तर सांगा, बाप तोंड फिरवून बसला असला तरी सांगा. एवढंच होतं. एवढंही झालं नाही या घरात. आणि ती दोघं वाईट नव्हती हो, तेच तर मला सहन होत नाही.

थांबा. खिडकी उघडली. लुशा आहे. आज शुद्धीत आहे.

"डुन्या! तात्या तुला वाकला, तू त्याला वाकलीस का ग?"

"नाही."

"मी असेतो वाक. मला बघू दे."

डुन्या गाडीच्या दाराला धरून उभी आहे. म्हातारा पायवाटेवर, टोपी हातात. दोघंही जमिनीकडे बघतायत.

"आल्यावर," डुन्या म्हणाली.

"आल्यावर म्हणे," लुशा म्हणाली, आणि खिडकी मिटली. डुन्या गाडीत चढून बसली.

आल्यावर. मी तर येणार नाही, मला कसं कळणार? अगं उतर ना खाली, दोन पावलं तर आहेत. दोन—

इंजिन सुरू झालं. जातो मी, मला आता निघायला पाहिजे.